कंटाळ्याचं निदान

आमच्या गटात कौतुकाला बंदी होती. महिन्यातल्या एका रविवारी पवईतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दहाबारा आईबाप जमायचो, प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडायचो आणि प्रत्येकाने आपल्या मुलाबद्दल फक्त काळजी बोलून दाखवायची, असा नियम होता. मार्क सांगायचे नाहीत, बक्षिसं सांगायची नाहीत. गट होता असामान्य बुद्धीच्या मुलांच्या पालकांचा. मूल फार हुशार असल्याचा त्रास बाहेर कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून आम्ही तो एकमेकांना सांगायचो.

काळजीच्या नावाखाली कौतुक कसं करायचं, हे अर्थातच कुणाला शिकवावं लागलं नाही. एक बाबा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, की सहा वर्षांचा मुलगा सूर्य विझल्यावर आपलं काय होणार या चिंतेने जेवत नाही. एक आई म्हणायची, हिला चार भाषा येतात आणि ही चारही भाषांत भांडते. आम्ही सगळे माना हलवायचो. मीही लवकरच तयार झाले. माझी पाळी आली की आधी एक उसासा टाकायचे आणि मग सांगायचे की काय करू, दुपारभर पुस्तकातून डोकं वर काढत नाही.

आज हे लिहिताना कान गरम होतात. पण मी तिथे का जायचे तेही सांगायला हवं. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना लिफ्टमधली सूचना मोठ्याने वाचायची, पाचव्या वर्षी भाजीवाल्याचा हिशोब त्याच्या आधी सांगायची. पुढे एका समुपदेशक बाईंनी तिची चाचणी घेतली आणि आम्हाला समोर बसवून तो शब्द उच्चारला, असामान्य. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये मी हे एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, आजकाल सगळीच मुलं हुशार असतात." विक्रोळीला सासरी सांगितलं तर जाऊबाई उठून कुकर बघायला गेल्या. तेव्हापासून मी गप्प राहायला शिकले. गटात पहिल्या दिवशी मी जेमतेम दोन वाक्यं बोलले, आणि गट चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पुढे सांग." मला रडूच आलं. मुलगी झाल्यापासून मला कुणी पुढे सांग म्हणालं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे मार्क घसरायला लागले. चौथीत होती. गणिताच्या वहीत लाल फुल्याच फुल्या. मी वही घेऊन बसले तर एक गंमत लक्षात आली. उत्तरं चुकली नव्हती, गणितंच वेगळी होती. फळ्यावर तीनशे अडतीस असतील तर हिने आठशे तेहतीस लिहून घेतले होते, आणि त्या आठशे तेहतीसचा भागाकार अगदी अचूक केला होता. पानंच्या पानं अशी.

पुढच्या बैठकीत मी ती वही नेली. वही हातोहात फिरली. सूर्यवाले बाबा दोन पानं बघून म्हणाले, "हे उघड आहे. तिला दिलेली गणितं पुरत नाहीत, म्हणून ती स्वतःची बनवतेय." सगळ्यांना ते पटलं. मॅडम म्हणाल्या, हा कंटाळा आहे, अशा मुलांना वर्गात गुदमरायला होतं. मला इतका आनंद झाला की लपवता येईना. घरी येईपर्यंत मी ते नवऱ्याला फोनवर दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "अगं, घाईत चुकीचं लिहून घेत असेल." मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

त्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेने बोलावलं. बाई साध्या, आवाज बसलेला. मुलगी उंच म्हणून शेवटच्या बाकावर बसते, आणि हल्ली फळ्याकडे न बघता शेजारणीच्या वहीत बघून लिहिते, जरा लक्ष द्या, एवढंच त्या म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. माझी मुलगी कॉपी करते? मग गटात शिकलेले सगळे शब्द मी त्यांच्यावर काढले. वर्गाचा वेग कसा मंद आहे, तिच्या मेंदूला कसं खाद्य मिळत नाही, शेजारणीच्या वहीत ती केवळ वेळ घालवायला बघत असणार. बाई ऐकत राहिल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मी बोलतच होते.

घरी आल्यावर मुलीला जवळ घेऊन विचारलं, "तुला वर्गात कंटाळा येतो ना?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो." मला हवं तेच उत्तर मिळालं.

पुढचं सगळं भराभर झालं. गटातल्या दोघांनी मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला सुरुवात केली होती. त्यांनी वेळापत्रक दिलं, पुस्तकं सुचवली, हिंमत दिली. नवरा आठवडाभर कुरकुरला आणि मग थकून तुला पटेल ते कर म्हणाला. जानेवारीत मी शाळेच्या ऑफिसमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. वार्षिक परीक्षेनंतर तिची शाळा बंद. मुलीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, शेजारी बसणारी तिची मैत्रीणही आपल्याकडे शिकायला येऊ शकेल का. मी हसून नाही म्हटलं. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि मी ते बदलाचं दडपण आहे असं गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं. उत्तरादाखल बऱ्याच जणांनी मिठ्या आणि हृदयं पाठवली.

फेब्रुवारीत गटाची सहल निघाली, भांडुपच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला. ओहोटी होती, चिखलावर लांबवर गुलाबी पट्टा पसरला होता. मुलं ओरडायला लागली. माझी मुलगी बांधावर उभी राहून म्हणाली, "कुठे आहेत?" मी बोट दाखवलं. ती म्हणाली, "तिथे काही नाहीये." सूर्यवाले बाबा कौतुकाने माझ्याकडे वळले. म्हणाले, बघा, सगळे म्हणतात म्हणून ही मान्य करत नाही, हिला पुरावा लागतो. आणि मी, खरं सांगते, मी मान हलवली.

मग गटाने आणलेल्या दुर्बिणीतून बघायची तिची पाळी आली. तिने ती डोळ्यांना लावली, मधलं चाक बराच वेळ फिरवलं, आणि गप्प झाली. मागची मुलं घाई करू लागली तरी दुर्बीण सोडेना. मी जवळ गेले तर ती फ्लेमिंगोंकडे बघतच नव्हती. खाडीत विजेचे उंच टॉवर उभे आहेत, तिकडे बघत होती.

"आई, त्यांना तारा आहेत," ती म्हणाली. "मला वाटायचं ते नुसतेच उभे असतात."

ऐरोलीच्या पुलावरून आम्ही तिच्या मावशीकडे कितीदा गेलो असू. तेच टॉवर. मी स्वतः सातवीपासून चष्मा लावते. नवऱ्याला चष्मा आहे. आमच्या घरात उशाशी दोन चष्मे असतात, आणि तिच्या वहीत मला बुद्धीशिवाय दुसरं काही दिसलं नाही. मी तिथेच बांधावर बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं, ऊन लागलं असेल म्हणाले.

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन नंबर. हिला इतके दिवस फळा दिसत कसा होता, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने चष्म्याची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी अर्ज परत घ्यायला शाळेत गेले. ऑफिसमध्ये तो अजून पुढे सरकला नव्हता, तिचं नाव पटावर होतं, एवढं नशीब. वर्गशिक्षिकेकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली, चष्मा कधी मिळणार विचारलं, आणि तोवर पहिल्या बाकावर बसवते म्हणाल्या, मैत्रिणीसकट. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "अहो, माझीही चूक झाली. त्या दिवशी तुम्ही बोलायला लागलात, मग मी घाबरले, पुढचं बोलायचं राहूनच गेलं." मी एका शिक्षिकेला घाबरवलं होतं, आणि घरी जाऊन त्याला मुलीच्या बाजूने उभं राहणं म्हटलं होतं. तिथून निघाल्यावर रिक्षा न करता स्टेशनपर्यंत चालत गेले, कुणाच्या समोर बसवत नव्हतं.

गटातही सांगितलं. पुढच्या बैठकीत माझी पाळी आली तेव्हा उसासा न टाकता सांगितलं, की कंटाळा वगैरे काही नव्हता, पोरीला दिसत नव्हतं. मग चार भाषांवाली आई म्हणाली, अगं, पण विचार कर, फळा दिसत नसताना इतके महिने तिने निभावून नेलं, साधं मूल हे करू शकलं असतं का? सगळ्यांचे चेहरे उजळले. मॅडमनी माझा हात दाबला. आणि एवढी शोभा होऊनसुद्धा मला आतून छान वाटलं. क्षणभर का होईना, वाटलं. त्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

घरी पोचले तेव्हा दार तिनेच उघडलं. नवा चष्मा नाकावर, निळ्या काड्यांचा. ती माझा चेहरा निरखत उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुला काढलं का त्यांनी?"

मी विचारलं, कुठून? ती म्हणाली, "गटातून. तू त्यांना सांगणार होतीस ना, मला कंटाळा येत नव्हता म्हणून."

मी चपला न काढताच खाली बसले. मग का गं म्हणालीस येतो म्हणून, असं विचारलं. तिने खांदे उडवले. तिला वाटलं होतं, बाकीच्यांना फळा वाचता येतो आणि आपल्याला येत नाही, म्हणजे आपली हुशारी संपली. कुणाला सांगितलं तर आईला तिथे बोलावणार नाहीत.

"तू तिथून येतेस तेव्हा खूश असतेस," ती म्हणाली. "एरवी नसतेस."