आबांच्या गाडीचं सैल स्टिअरिंग

मेकॅनिक सलीमभाई गाडीखाली शिरले आणि म्हणाले, "ताई, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहा, मी खालून बघतो." मी हलवू लागले. स्टिअरिंग चांगलं बोटभर फिरलं, तरी चाकं जागची हलेनात.

"हे स्टिअरिंग आहे की पाळणा?" खालून हसू आलं. "जॉइंट पार झिजलाय. आबा कशी चालवत होते हो?"

आबा, माझे वडील, जाऊन वर्ष होत आलं. घरातली पहिली पदवी मी घेतली, ती त्यांनी याच गाडीतून रोज कॉलेजात पोचवलं म्हणून. त्यांच्या हातांखाली झिजलेला तो जॉइंट निघाला, तेव्हा "राहू द्या" म्हणावंसं वाटलं. पण तसं चालणार नव्हतं.

नवा जॉइंट बसवून परतताना ओढ्याच्या वळणावर मी आबांनी शिकवल्याप्रमाणे जरा आधीच स्टिअरिंग वळवलं. गाडी तत्काळ वळली आणि कडेच्या मातीत उतरली. मी थांबले. म्हणजे आधी वळवायचं हा नियम नव्हताच. सैल गाडीला आबांनी दिलेली ती सवलत होती. आईवडिलांच्या अशा किती सवयी आपण नियम समजून शिकतो!

पुढच्या वळणावर हात पुन्हा आधीच निघाले. मी त्यांना थांबवलं, आणि तेवढ्या क्षणभरात आबा फार आठवले.