आत्मरक्षणापुरती कढई

सनीव्हेलमधले आमचे शेजारी काका प्रत्येक मुद्दा 'तत्त्वतः' म्हणून सुरू करतात. भारतातून पाहुणे आले की गोल्डन गेट नंतर. आधी सॅन फ्रान्सिस्कोचं ऑपेरा हाउस. हरलेल्या जपानला सार्वभौमत्व परत देणारा तह तिथे झाला. फुटपाथवर उन्हात उभं राहून पाहुण्यांनी तो तह सगळा ऐकायचा. मीही ऐकलाय.

या ध्यासाचं कारण घरगुती आहे. काकांच्या मिरचीच्या फोडणीने फायर अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग रस्त्यावर आली. तेव्हापासून काकूंनी त्यांना गॅसबंदी केलीय. परवानगी फक्त मायक्रोवेव्हमधल्या चहाची.

"तत्त्वतः, हरलेल्याला कायम निःशस्त्र ठेवता येत नाही," काका टेबलावर बोट आपटतात. "जपानलासुद्धा आत्मरक्षणापुरती शस्त्रं ठेवू दिली!"

"जपानने मला गाऊनवर रस्त्यात उभं नव्हतं केलं," काकू म्हणतात.

परवा काकू हॉलमध्ये टीव्ही बघत होत्या. काकांनी मला खुणेने किचनमध्ये बोलावलं आणि डाळींच्या डब्यांमागे लपवलेली नवी बिडाची कढई दाखवली.

"तत्त्वतः, फक्त आत्मरक्षणासाठी," ते कुजबुजले आणि कढई ओढू लागले.

हॉलमधून आवाज आला, "अहो, तेल लावून ठेवलंय मी तिला. दोन्ही हातांनी धरा. आणि आधी एक्झॉस्ट लावा."