मशीनचीच गलती

आमच्या कार्यालयातला एखादा कॉम्प्युटर अडला, की राजूरहून मशीनवाले भाई येतात. नाव मी कधी विचारलं नाही. आल्यावर ते आधी स्वतःच्या रुमालानं कीबोर्ड पुसतात. आपण पासवर्ड टाकू लागलो, की मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतात. काय बिघडलं होतं म्हणून विचारलं, तर उत्तर एकच असतं, "मशीनचीच गलती हाय." मला वाटायचं, माणसाला फारसं कळत नसावं.

परवा आवक-जावक बघणाऱ्या बाईंची वर्षभराच्या नोंदींची फाईल गायब झाली, म्हणून भाईंना बोलावलं होतं. बाई दोन महिन्यांत निवृत्त होणार. साहेब सगळ्यांदेखत त्यांच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "कुणी उडवली?"

बाईंनी पदर घट्ट धरला होता. भाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "मशीनचीच गलती हाय, साहेब. जुनी झाली, फाइली खाऊन राह्यली. जल्दी काढून देतो."

साहेब केबिनमध्ये गेले. मी शेजारच्याच टेबलावर होतो. फाईल रिसायकल बिनमध्ये पडली होती. तिथं मशीन आपणहून काही टाकत नाही, एवढं मलाही कळतं. भाईंनी ती जागेवर ठेवली आणि हळूच बाईंना सांगितलं, "डिलीट दाबलं की हितं येऊन पडते. घाबरायचं न्हाई."

मला मार्चमध्ये गायब झालेली माझी बदल्यांची यादी आठवली. तेव्हाही साहेबांसमोर भाई हेच म्हणाले होते, आणि मी आठवडाभर त्या मशीनला शिव्या देत होतो.