माझ्या नवसाचं पोर

देवावर माझी श्रद्धा आहे की मला त्याची नुसती धास्ती आहे, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला, आणि तोही भर चॅपलात, सगळ्यांच्या देखत.

आम्ही मिरजेचे कॅथलिक. मुलगा चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून मी मरियामातेला नवस बोलले, की पोर वाचलं तर त्याला फादर करीन. पोर वाचलं. पुढं तो नुसता खोकला तरी माझा हात त्याच्या कपाळावर जायचा आणि तोंडातून निघायचं, "तू देवाचा हाईस, इसरू नको."

बारावीनंतर मी त्याला महाबळेश्वरजवळच्या एका धर्मसंघाच्या घरी पाठवलं. तिथं तरुण मुलं वर्षभर राहतात, प्रार्थना करतात, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत राबतात आणि देव आपल्याला कशासाठी बोलावतोय याचा शोध घेतात. वर्ष संपलं की तिथल्या चॅपलात मिस्साच्या उपासनेनंतर घरच्यांसमोर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, तू कुणाच्या बोलावण्यानं आलास? 'देवाच्या' हे उत्तर मी फोनवर त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. हट्टी बाई मी.

त्या रविवारी नवी साडी नेसून पुढच्याच बाकावर बसले. त्याची पाळी आली. तिथल्या फादरांनी विचारलं, तेव्हा तो माझ्याकडं बघत म्हणाला, "आईच्या नवसानं आलो, फादर. मला फादर व्हायचं न्हाई."

लाज वाटलीच, पण भीती त्याहून मोठी. नवस मोडला, आता देव पोर परत नेणार. मी तशीच उठले आणि फादरांना विनवू लागले, की त्याचं ऐकू नका, त्याला ठेवून घ्या. आज आठवलं की माझीच मला कीव येते.

फादर वयस्कर, आमच्या सांगलीकडचेच. रागावतील असं वाटलं, तर ते मला बाकावर बसवून माझ्याशेजारी बसले. "आवं बाई, पोरगं वाचलं ते देवाच्या मायेनं. तुमचा नवस बघून न्हवं. द्यायचंच असंल तर सवताचं कायतरी द्या."

मी हबकले. ज्या देवाला रोज प्रार्थनेत बाप म्हणून हाक मारली, त्यालाच पंधरा वर्षं भीत आले होते. तोवर फादरांनी मुलाला पुढं बोलावलं. त्याला मिरजेत तंबोरे बनवायला शिकायचं होतं, आणि ते त्यांना आधीपासून माहीत होतं. फादर व्हायला तिथं राहणाऱ्या मुलांना दिला तोच आशीर्वाद त्यांनी त्यालाही दिला.

परतताना एसटी पसरणी घाट उतरत होती. गार वारा लागून तो खोकला. माझा हात आपोआप उचलला गेला. मग मी तो पुन्हा मांडीवर ठेवला. मनात म्हटलं, देवा, तू दिलंस, तुझे उपकार. आता तूच बघ.

पोरगा पुन्हा खोकला. मी फक्त खिडकी लावून घेतली.