घट्ट झाकणाचा डबा

बाईंना जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये सगळे बाईच म्हणत, सख्खी भाचीसुद्धा. "इथं मी कुणाची मावशी नाही," असा दम तिला पहिल्याच दिवशी मिळाला होता.

मुली धावत येऊन व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकून उलटत, तेव्हा बाई टेबलाकडे पाठ करून बसत. नुसतं ऐकत. दोन्ही हातांची थाप एकच यायला हवी. "त्या क्षणी तुझ्या मनगटांवर तुझ्याएवढी मुलगी उभी असते," त्या म्हणत. "मागच्या कोलांटीत तर दोन. आणि दोघी जेवून आलेल्या!"

बाई खेळत होत्या तेव्हा त्यांची स्वतःची मनगटं अशाच मुलींनी तुडवली होती. वेळेवर कुणी थांबवलं नव्हतं. आता त्या चहाचा कपही दोन्ही हातांनी धरत. म्हणून दर सोमवारी परीक्षा: हाताला लावायच्या पावडरीचा घट्ट झाकणाचा डबा प्रत्येकीनं एकेका हातानं उघडायचा. तोंड वाकडं झालं, की तीन आठवडे टेबल बंद.

त्या सोमवारी सगळ्या पास झाल्या. भाचीसुद्धा. रविवारी तिची पहिली स्पर्धा होती.

हॉल रिकामा झाल्यावर बाईंनी सहज डब्याला हात घातला. झाकण फिरलं.

"अहो, बघा!" त्यांनी वॉचमनला हाक मारली. "वीस वर्षांनी माझ्या हातानं उघडला!"

"औषध लागू पडलं म्हणायचं," वॉचमन म्हणाला.

बाईंनी पुन्हा लावला, पुन्हा उघडला. लहान मुलासारख्या हसल्या. मग बोटांकडे पाहिलं. बोटं चकाकत होती. झाकणाच्या आट्यांत व्हॅसलीन होतं.

चार दिवस भाचीची थाप दुहेरी येत होती. बाईंनी दोष आपल्या कानांना दिला होता.

भाची बाहेर बुटांच्या नाड्या एका हातानं बांधत होती.

"डावा ना?"

"मावशी, फक्त रविवारपुरतं. एकदाच."

"माझंही एकदाच होतं," मावशी म्हणाली, आणि खाली बसून नाडी बांधायला लागली. दोघींच्या तीन हातांनी गाठ कशीबशी बसली.

रविवारी दोघी टेबलाकडे पाठ करून बसल्या.

"हिचा उजवा उशिरा आला," भाची फुरंगटूनच म्हणाली.

"कान माझ्यावर गेलेत."

पुढच्या सोमवारी परीक्षेला नवा डबा आला. जुना बाईंनी घरी नेला. येता-जाता उघडतात.