भुऱ्याला बसायला शिकवलं त्याची गोष्ट

चहा संपायच्या आत सांगून टाकतो. कारण हीच फजिती माझी बायको सांगायला लागली, तर तिखटमीठ लावून सांगते.

आमचं गाव सौंदडजवळ आणि आमचा कुत्रा भुऱ्या. पाहुणा दिसला की थेट त्याच्या छातीवर! त्यात थोरल्या पोरीला पाहायला रविवारी पाहुणे येणार. बायकोनं बजावलं, "याले बसाले शिकवा, नाही तं झालं मंग पोरीचं लगन."

आता मी पडलो धानाचा शेतकरी. आमच्याकडं रोवणी कुणी तोंडानं शिकवतं का? शिकणाऱ्याच्या बाजूला चिखलात वाकायचं आणि करून दाखवायचं. भुऱ्यालाही मी तसंच शिकवायला घेतलं. "बस" म्हणायचं, स्वतः उकिडवं बसून दाखवायचं आणि त्याचं मन मोडू नये म्हणून वर बिस्कीट द्यायचं. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ! माझे गुडघे वाजायला लागले. भुऱ्या मात्र उभ्या उभ्या शेपटी हलवत, मन लावून पाहायचा. मला वाटलं, केवढा हुशार विद्यार्थी!

बायको म्हणाली, "काऊन जी, कुत्र्याले शिकवून राहिले का सोताले?"

मी तिकडं लक्षच दिलं नाही.

रविवारी पाहुणे आले. पुढे मुलाचे आजोबा, पांढरंशुभ्र धोतर. मी नवा सदरा घालून, हात जोडून उभा. भुऱ्या धोतरावर झेपावला, तोच आजोबांनी काठी आपटली आणि त्याला दरडावलं, "बस!"

आणि तुम्हाला सांगतो, मी बसलो. भर अंगणात, उकिडवा, सगळ्या पाहुण्यांसमोर!

भुऱ्या धोतर सोडून माझ्याकडं आला आणि समोर उभा राहिला, बिस्किटासाठी. माझा हात आपोआप खिशात गेला. बिस्कीट निघालं की हो!

बायकोनं पदर तोंडाला लावला. पोरगी दाराआडून पाहत होती, तिच्याकडं बघायची माझी हिंमत होईना. पोरीचं जमता जमता मीच मोडलं, असं वाटलं.

आजोबांनी मला नीट न्याहाळलं. मग मुलाच्या बापाला म्हणाले, "जमवून टाक. पोरीचा बाप एका शब्दात आयकते. असा इवाई कुठी भेटते?"

लग्न थाटात झालं. भुऱ्या अजूनही बसत नाही. आजोबा येतात तेव्हा बिस्किटाचा पुडा न चुकता आणतात, पण तो भुऱ्याला देत नाहीत. पुडा हातात धरून नुसते माझ्याकडं पाहतात.

आता काय लपवायचं तुमच्यापासून? मी बसतो.