ताईंनी म्हटलेलं ‘व्हय म्हाराजा’

रापणीचा मांगर आमच्या वाडीने स्वतः बांधला. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं म्हणजे रापण. ते पावसाळाभर कोरडं राहावं म्हणून ही चिरेबंदी कोठी, म्हणजे मांगर. त्याचे चिरे मी डोक्यावरून वाहिले आहेत. तेव्हा मी पाटी घेऊन दारोदार मासे विकत होते. आज माशांच्या गाड्या माझ्या आहेत, आणि गोव्याचे व्यापारी माझ्याशी भाव करायच्या आधी पाणी मागतात.

“आमची संस्था ना नफा तत्त्वावर चालते, मावशी,” कलाकेंद्रासाठी मांगर मागायला आलेली कलासंस्थेची ताई पहिल्या बैठकीत म्हणाली. मला तिथेच संशय आला. ज्याला नफा नको, त्याच्याशी सौदा कुठे धरून करायचा? वाडी मात्र भुलली आणि मांगर द्यायला तयार झाली. मुलं पखवाज शिकतील, मांगराला नवी कळा येईल. मी एकच अट घातली: मागची खोली जाळ्याची, पावसाआधी जाळं आत येणार. ताई म्हणाली, “हो हो, गाव आपलाच आहे.”

पुढे भिंतींवर पाटीवाल्या बायका रंगल्या, सगळ्यांची नाकं सारखी. पखवाज वाजला तो फोटोपुरता. मग बाहेरचे कलाकार राहायला आले, मागच्या खोलीत त्यांची चित्रं आली आणि दाराला कुलूप लागलं. मे संपत आला तरी जाळं वाळूवर, ताडपत्रीखाली. विचारायला गेले तर ताई म्हणते, “जाळ्याला वास येतो, मावशी. चित्रं खराब होतील.” त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात तिचा महोत्सव होता. उद्घाटनाला तिला गाऱ्हाणं हवं होतं, “छोटंसं, पाहुण्यांसाठी.” आमच्याकडे काम सुरू करताना गावचे मानकरी देवाकडे मागणं मागतात आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. जो म्हणतो तो त्या शब्दाला बांधला जातो. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी मानकऱ्यांकडे गेले. “जाळ्याचा तेवढा गाऱ्हाण्यात घाला.”

“देवासमोर सौदो करतस गो?”

“सौदो माणसांवांगडा केलंय. तो तेंनी मोडल्यानी. आता देवाकच मधी घेतंय.”

ते हसले नाहीत. पान जुळवता जुळवता म्हणाले, “बघतंय.”

महोत्सवाला ताईने पाहुण्यांना ‘व्हय म्हाराजा’ कधी म्हणायचं ते आधीच शिकवून ठेवलं होतं. मानकऱ्यांनी आधी महोत्सवाला यश मागितलं, मग पाहुण्यांचा सुखाचा परतीचा प्रवास. दोन्हींना व्हय म्हाराजा. मग आवाज जराही न बदलता ते म्हणाले, “मागची खोली जाळ्याक मोकळी करून देवची म्हणान ह्या लोकांनी कबूल केल्यानी हा, तो शब्द उद्याच्या उद्या तडीक ने रे म्हाराजा.” वाडी नुसती ऐकत राहिली. पाहुणे हात उंचावून ओरडले, “व्हय म्हाराजा.” सगळ्यांत मोठा आवाज ताईचा.

सकाळी आमचे रापणकर जाळं खांद्यांवर घेऊन दाराशी उभे राहिले.

“अहो, ते सादरीकरण होतं,” ताई म्हणाली. “मला मालवणी एवढी कळत नाही.”

“कळत नाही, मग म्हटलंत कशाला?” मी विचारलं.

“सगळे म्हणत होते म्हणून.”

“सगळे म्हणजे तुमचेच. आमच्यातलं कोणी तोंड उघडलं नव्हतं.”

मागून एक रापणकर म्हणाला, “ताईनू, देवाक सांगा, ती तालीम होती म्हणान.”

जाळं खांद्यावर असताना हसणं कठीण, तरी सगळे हसले. ताईने कुलूप काढलं. चित्रं पुढच्या खोलीत गेली, जाळं आत आलं.

लोक मला म्हणतात, तुझ्या मनासारखं झालं, आता राग सोड. कसा सोडू? आमच्याच मांगरात आमचं जाळं ठेवायला मला देवाला मध्ये घालावं लागलं. माणसाच्या शब्दावर भागलं नाही. आणि हीच वाडी परवा ताईला विचारत होती, पुढचा महोत्सव कधी.